चांगलं बोलायची चोरी

"हे कोनाच्या सांगण्यावरून?"

दवाखान्यात पंखा लावला तरी कोमलच्या आत्या हेच विचारायच्या, चहा पुढे केला तरी हेच. विचारताना मान जराशी तिरकी व्हायची आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं जायचं, समोरचा माणूस आता तेच घेऊन पळणार असल्यासारखं. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी, दुधात बोट बुडवणारी. आत्या त्यांच्या पुढच्या इयत्तेतल्या. भाजीवाला मापात मारतो हे त्यांना मान्यच होतं. तो आज हसून का बोलला, याचा त्यांना घोर लागायचा.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. शंकर नगरात आज एका बंगल्यावर सरकारी पाटी लागायची, उद्या दुसऱ्यावर. अशाच एका बंगल्याच्या तळमजल्यावर मुलांचा लहानसा दवाखाना होता आणि त्यात मी समुपदेशक होते. हा काय प्रकार आहे ते आत्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"नर्स?"

"नाही. मी घरच्यांशी बोलते."

"बाप्पा! आन् त्याचा पगार भेटते?"

त्या यायच्या त्या भाचीला घेऊन. कोमल आठ वर्षांची होती. आई तान्हेपणीच गेलेली, वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर. आत्या विधवा होऊन वर्ध्याकडून भावाच्या घरी आल्या आणि पोरीला त्यांनीच वाढवलं. कोमल आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला "बस" म्हणेपर्यंत ती खुर्चीवर चढून, टेबलावरून उतरून, खिडकीच्या गजाला लोंबकळत होती. तिच्या वह्यांत कुठलंच वाक्य पूर्ण नव्हतं. वर्गात बाईंचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर येई, आणि उत्तर संपायच्या आत ती स्वतः दाराबाहेर असे. शाळेने कळवलं होतं, दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर मुलीला घेऊन जा.

डॉक्टरांनी नीट तपासलं. हा खोडसाळपणा नाही, मेंदूची ठेवणच अशी आहे की लक्ष टिकत नाही आणि अंग स्वस्थ राहत नाही, असं त्यांनी हिंदीत सावकाश समजावलं. गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "दवा आधा काम करेगी. बाकी आधा घर को करना है."

आत्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "यानं पागल लोकाइच्या यादीत नाव तर नाही ना चढत? राजधानी झाल्यापासून कोनकोन येऊन काय काय लिहून नेऊन राहिले."

त्यांनी ती चिठ्ठी तीन औषधवाल्यांना दाखवली. तिघांनी एकच सांगितलं, त्यामुळे तिघेही एकमेकांना सामील आहेत असं त्यांच्या मनात आलं.

मग पाळी माझी आली. दुसऱ्या भेटीत आत्यांनी माझं आडनाव विचारलं, घर विचारलं. बूढ़ापाऱ्यात म्हटल्यावर, तलावाच्या अंगाला की आतल्या गल्लीत, हेही विचारलं. आमचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून इथलं, हे मी जरा ताठ्यात सांगितलं. त्यावर त्या "असं का" एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी घरी गेले तर आई दारातच उभी, चेहरा फुललेला. "तुझ्यासाठी विचारणा आली होती. वर्ध्याकडच्या आहेत. बाई जरा करड्या वाटल्या, पण घराणं खानदानी असणार. मुलगी किती वाजता घरी येते, कोणाशी बोलते, खोटं बोलते का, सगळं विचारलं. शेजारी जोशीकाकूंकडेही जाऊन आल्या."

आईने त्यांना पोहे दिले होते. माझी पत्रिका काढून दाखवली होती. मी किती हुशार, किती कामसू, हे ती सांगू लागली तेव्हा पाहुण्या बाईंनी कानावर हात ठेवले म्हणे. "पोरीबद्दल असं तोंड भरून बोलू नये, बाई. अनोळखी मानसासमोर तर नाहीच," असं वर आईलाच सुनावून त्या निघून गेल्या. आई पुढचे दोन महिने वर्ध्याहून निरोप यायची वाट बघत होती. मी तिला खरं काय ते सांगितलं, तर तिने उलट मलाच विचारलं की तू स्थळ मोडलंस तर नाही ना.

आमच्या दवाखान्याची रीत अशी होती की अशा मुलाच्या घरच्यांनी काम छोटं सांगायचं, आणि ते झालं की त्याच क्षणी, मुलाच्या तोंडावर, स्पष्ट शब्दांत चांगलं म्हणायचं. उशिरा नाही, मोघम नाही. या मुलांच्या वाट्याला दिवसभर "नको, बस, पुरे" एवढंच आलेलं असतं. चांगल्या शब्दाचा त्यांना खराखुरा आधार होतो. मी कोमलसाठी चांदण्यांचा एक तक्ता करून दिला. दप्तर भरलं, एक चांदणी. जेवताना उठली नाही, एक चांदणी. आणि प्रत्येक चांदणीबरोबर आत्यांनी एक वाक्य म्हणायचं, "कोमल, छान केलंस."

"हे कोनाच्या सांगण्यावरून?"

"डॉक्टरांच्या."

"त्याइले लेकरं आहेत का?"

महिनाभर झाला, तक्ता कोराच. गोळीने कोमल थोडी स्थिरावली होती, पण शब्द म्हणून एक नाही. मी तिला एकटीला विचारलं, आत्या तुला काय म्हणते? घरातलं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "बोलती है, काली बंदरिया. बोलती है, तुझसे कुछ नहीं होगा."

आता संशय मला आला. ही बाई पोरीला दाबून ठेवतेय. भावाच्या घरात आपलं आसन पक्कं राहावं म्हणून पोर बरी व्हायला नकोय हिला. गोळ्याही देते की नाही कोण जाणे. असलं काय काय माझ्या डोक्यात शिरलं, आणि एका रविवारी न कळवता मी त्यांच्या घरी जाऊन थडकले. रेल्वे लाईनीपलीकडच्या खोलगट वस्तीत दोन खोल्यांचं घर होतं. दार उघडंच होतं. कोमल आत मटार सोलत बसली होती आणि पुढ्यातली टोपली जवळजवळ पूर्ण झाली होती. एवढा वेळ ती एका जागी बसली होती! आत्यांनी टोपलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी बाजूने पाहत होते. तो चेहरा आनंदाने अगदी सैल झाला होता. आणि तोंडातून आलं, "काय दिवे लावले! एकही मटार धड नाही. माकडीन कुठली."

कोमलने टोपली लाथेने उडवली.

मी आत जाऊन आत्यांना ताडताड बोलले. त्या ऐकत राहिल्या. मग पोरीला वेचायला लावून मला मागच्या ओट्यावर घेऊन गेल्या आणि खाली बसल्या.

"इच्या बारशाले मी बोलली होती," त्या म्हणाल्या. "सगळ्याइच्या समोर. म्हटलं, मायलेकीची जोडी पाहा कशी दिसून राहिली, कोनाची नजर लागन. मीच बोलली. सहा महिन्यांत वहिनी गेली. तापानं गेली म्हनतात. मले सांगा, मी आता इले चांगली म्हनू?"

नजर वगैरे काही नसतं, हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. ते मी दवाखान्यातल्या मुलांच्या कितीतरी घरांत वापरलं होतं. त्या ओट्यावर ते म्हणवेना. माझ्याच आईने परीक्षेला जाताना माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या, आणि मी मुकाट उभी राहिले होते.

"बरं, बोलू नका," मी म्हटलं. "पण तिला कळायला तर हवं ना. नजर लागण्यासारखं मूल असलं की तुम्ही काय करता?"

"तीट लावतो."

"मग लावा."

आत्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. यात माझा काय डाव आहे ते त्या शोधत असाव्यात. मग उठल्या, कनवटीची काजळाची डबी काढली, आत गेल्या आणि मटार वेचणाऱ्या पोरीच्या कानामागे एक बारीक काळा ठिपका ठेवला.

"ये क्यों?" कोमलने विचारलं.

"मटार सोलले म्हून," आत्या तुटकपणे म्हणाल्या. "कोनी पाहिलं असन तर."

पोरगी हुशार. तिला क्षणात समजलं. जिच्याकडे नजर लागण्यासारखं काही असतं तिलाच तीट लागते, हे त्या घरातल्या मुलीला मी काय सांगणार? माझ्या चांदण्या भिंतीवरच राहिल्या. पुढच्या भेटीला कोमल आली तेव्हा तिच्या कानामागे, मनगटावर, तळपायाला ठिपके होते आणि ती एकेक दाखवत कशाबद्दलचा ते सांगत होती. हा दप्तराचा, हा गणिताचा, हा अंघोळीच्या वेळी पळून न गेल्याचा. डॉक्टर आधी चक्रावले आणि मग हसून म्हणाले, चालू द्या, घराने आपला अर्धा वाटा उचलला. दिवाळीनंतर शाळेने काढून टाकायची भाषा बंद केली. आत्यांना वाटलं, शाळेला कुणीतरी चिठ्ठी लिहिली असणार.

पुढच्या पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरलं. नाला तुंबून उलटला आणि सकाळपर्यंत घरांत गुडघ्याच्या वर पाणी. लोकांना जवळच्या शाळेत हलवलं. आमचे डॉक्टर औषधांच्या पिशव्या घेऊन निघाले, मीही गेले. अशा वेळी लहान मुलांचं पोट आधी बिघडतं, म्हणून पिण्याच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि जुलाबावरची साखर-मिठाची पाकिटं वाटायची होती. मला मात्र धास्ती होती ती कोमलची. तिची गोळी पाण्यात गेली असणार, आणि जिचा सगळा दिवस आखून दिल्यावर कुठे रुळावर आला होता ती या कल्लोळात काय करेल? दारं सगळी उघडी, बाहेर पाणी.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं ओरडत धावत होती. आणि एका खांबाशी, गाठोड्याजवळ, कोमल मांडी घालून बसली होती. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले होते. हात मोकळे राहिले तर आपण उठू, हे तिचं तिलाच ठाऊक असावं.

"आत्या कुठे गं?"

"खिचड़ी की लाइन में. बोली, उठना मत."

"चल, तोवर तुला बिस्किट देते."

"नहीं. उठूंगी तो तीट गई."

खिचडीची रांग शाळेच्या फाटकापर्यंत होती. आत्या आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर धास्ती होती. पोरगी जागेवर नसणारच, असं धरूनच त्या आल्या होत्या. कोमलला पाहून थबकल्या. हात सवयीने कनवटीला गेला आणि रिकामा परत आला. डबी घरात, घर पाण्यात. कोमलने कान पुढे करून ठेवला होता. चारी बाजूंना अनोळखी बाया. आत्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, पातेलं खाली ठेवलं आणि भांडल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "माह्यी कोमल लय गुनाची आहे. ऐका सगळ्याइनं. लय गुनाची आहे."

कोमलचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने उठून खांबाभोवती ज्या गिरक्या घेतल्या त्या बघून व्हरांडाभर हसू उठलं. मीही हसत होते, आणि रडतही होते, ते सांगून टाकते.

हातासरशी मी आत्यांना क्लोरीनच्या गोळ्या दिल्या. त्यांनी एक नाकाशी नेली आणि पाकीट परत केलं. "पान्याले वास येते. इथल्या हँडपंपाचं पानी काचेवानी आहे." शेजारच्या बायांनीही मग परत केलं. मी थोडं समजावलं, थोडं चिडले, आणि पुढच्या खोलीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी त्या शाळेतली कितीतरी मुलं सरकारी दवाखान्यात होती. कोमलचं अंग पार सुकून गेलं होतं. तोंडाने दिलेलं पोटात ठरत नव्हतं, म्हणून सलाईन लावलेलं. मी वॉर्डात पोचले तेव्हा आत्या खाटेपासून हातभर दूर, भिंतीला टेकून उभ्या होत्या. जवळ जायलाही घाबरत होत्या.

"मी बोलली म्हून झालं हे."

"आत्या, पाण्याने झालं. बघा ना, सगळा वॉर्ड त्या शाळेतल्या पोरांनी भरलाय. यांना कोण बोललं होतं?"

आत्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. एकेका खाटेवर थांबत त्या शेवटपर्यंत गेल्या. "याइच्याही घरी कोनी बोललंच असन," त्या म्हणाल्या.

मला भर वॉर्डात वाटून गेलं, तसं असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही क्लोरीनच्या गोळ्या परत केल्यात, हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर शब्दाचं भूत त्यांच्या मनातून गेलं असतं आणि त्या जागी त्याहून वाईट काहीतरी बसलं असतं. मी ते गिळून टाकलं.

कोमलला हात स्थिर ठेवता येत नव्हता. दोनदा सुई निघाली होती. दोन्ही हात सुजले होते, आणि आता मिळालेली शीरही गेली तर अवघड होतं. सिस्टर पट्टीचा गुंडाळा घेऊनच आली. "अब हिलाया तो हाथ बांध देंगे खटिया से."

"आत्या," कोमल अगदी बारीक आवाजात म्हणाली, "देख, अभी नहीं हिलाया."

आत्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आत्या, देख ना."

बोटं वळवळू लागली. सिस्टर पुढे झाली. मी आत्यांचा दंड धरला. "हात बांधला तर ती झटापट करेल आणि सुई निघेलच. तुम्ही चांगलं म्हणालात तर हात स्थिर ठेवेल ती. तुम्ही पाहिलंय खांबापाशी. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही ती."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. असा राग माझ्यावर कुणी कधी केला नसेल. मग त्यांनी वॉर्डातल्या बायांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. खाटेवर बसल्या, वाकल्या, आणि आपला पदर पसरून स्वतःच्या आणि पोरीच्या डोक्यावरून ओढून घेतला. पांढऱ्या सुती पदराखाली दोन डोकी एक झाली.

आत काय बोलणं चाललं होतं ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. नुसती कुजबुज, न थांबणारी. आठ वर्षांचं साठलेलं असणार. "क्या बोल रही है?" सिस्टरने मला विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने हातानेच तिला गप्प राहायला सांगितलं. पदराबाहेर सलाईनचा तो छोटा हात तेवढा पडून होता, उताणा, बोटं सैल. सिस्टर बराच वेळ पट्टी घेऊन उभी राहिली आणि मग निघून गेली.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले तर खाटेवर दुसरंच मूल. मी तशीच सिस्टरला शोधायला वळले. सिस्टरने लांबूनच हाक मारली, "अरे, घबराओ मत. ठीक होके गई. वो बुआ सबको बोल के गई है, किसी को बताना मत कि अच्छी हो गई."

आत्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. वस्तीतल्या घरात त्या परतल्याच नाहीत, आणि पुढे भावाची बदली बिलासपूरला झाली. तीही मला परस्परच कळली. तिकडचा पत्ता त्यांनी कुणालाही दिला नव्हता.

खाट रिकामी पाहिली त्या दिवशी मी दवाखान्यात परतले तेव्हा डॉक्टर दारातच भेटले. "कैसी है अपनी कोमल?"

पोरगी बरी झाली, अगदी छान झाली, असं मी मोठ्याने सांगणार होते. बाहेरच्या बाकावर दोन अनोळखी बाया बसल्या होत्या. "ऐसी ही है, सर. कुछ खास नहीं," मी म्हटलं, आणि बाकीचं आत जाऊन, दार लावून सांगितलं.